सातवी प्रत

पार्ल्याला पूर्वेच्या बाजूला, स्टेशनपासून चार पावलांवर, झेरॉक्सचं एक अरुंद दुकान आहे. कॉलेजच्या मुलांच्या जर्नलांमुळे तिथे कायम रांग. मी सोसायटीच्या सभेचे कागद घेऊन उभी होते आणि माझ्यापुढे आमच्याच इमारतीतली एक मुलगी होती. मुलगी म्हणायचं ते सवयीने. तिशी ओलांडलेली आहे, हाताखाली पाच-सहा माणसं आहेत. तिने हातातले कागद पालथे धरले होते. दुकानदाराने विचारलं, "पाठपोट करू का?" ती म्हणाली, "नको, एकेक बाजू. सहा सेट." यंत्रातून गरम कागद बाहेर पडायला लागले तशी ती काउंटरवर ओणवी झाली आणि एकेक पान बाहेर आलं की लगेच उलटं करून ठेवू लागली.

"सहा कशाला गं?" मी विचारलं, आणि तोंडून गेल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"नियमच आहे, काकू. समितीकडे तक्रार द्यायची तर सहा प्रती लागतात. सोबत पुरावे, आणि साक्षीदारांची नावं-पत्ते."

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती थोडं बोलली. कोणी, काय, कुठे, हे मी इथे लिहिणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 16 तिची ओळख आणि तक्रारीतला मजकूर जाहीर करायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. तिचं एक वाक्य मात्र सांगते, कारण ते एकटीचं नाही. "तक्रारीची भीती नाही वाटत, काकू. ती दिल्यानंतर येणाऱ्या सोमवारची वाटते."

मी काय म्हणाले? पार्ल्यातल्या कुठल्याही चांगल्या घरात जे म्हणतात तेच. "दुसरीकडे बघायला लाग ना. तुला काय, कुठेही मिळेल नोकरी." ती काही बोलली नाही. पिशवीत गठ्ठा नीट बसवला आणि रिक्षाला हात केला. माझं ते वाक्य तेव्हापासून मला छळतंय. तिला त्रास देणाऱ्याला जे हवं होतं तेच मी मायेने सुचवलं होतं. ती जावी, जागा मोकळी व्हावी, फाइल बंद व्हावी.

मराठीत डूख धरणं असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. डिवचलेला साप लगेच चावत नाही, लक्षात ठेवतो, असं लोक मानत आले. ऑफिसातला सूड याच जातीचा असतो. तिथे कोणी आरडाओरडा करत नाही. रोज दहा वाजता होणाऱ्या कॉलचं निमंत्रण एक दिवस येत नाही. टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप शांत होतो, आणि आठवड्याने कळतं की दुसरा ग्रुप निघालाय. डबा खायला बरोबर बसणाऱ्या दोघी "आज जरा लवकर जेवलो गं" म्हणतात. मग अप्रेझल येतं. तीन वर्षं चारावर असलेलं रेटिंग दोनावर उतरतं आणि शेऱ्यात लिहिलेलं असतं, टीमशी जुळवून घेण्यात अडचण. त्यानंतर कामगिरी सुधारण्यासाठी तीन महिन्यांची मुदत, आणि मुदतीच्या शेवटी एचआरच्या खोलीत अतिशय सौम्य आवाजात एक सल्ला: तुम्हीच राजीनामा दिलात तर अनुभवाचं पत्र चांगलं देता येईल.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते. मीटिंगला बोलावलं नाही म्हणून कोणी तक्रार करतं का? केली तर तीच चिडखोर ठरते. सूड घेणाऱ्याचं कसब इथेच आहे. तो प्रत्येक घाव इतका लहान ठेवतो की दाखवायला गेलं तर दाखवणारीलाच लाज वाटावी.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा 9 डिसेंबर 2013 पासून लागू झाला. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, समितीने ९० दिवसांत चौकशी संपवायची, अहवालानंतर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची. चौकशी चालू असताना तिने लेखी मागणी केली तर त्याची किंवा तिची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, आणि तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये अशी शिफारस समिती करू शकते. या तरतुदी चांगल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी बायकांनी किती वर्षं घासली हे विसरून चालणार नाही. अशा छळाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल कागदावरच राहतोय म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून उभी राहिलेली याचिका 2012 च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी कायदा आला.

पण या कायद्यात एक भोक आहे. खोटी, दुष्ट हेतूने केलेली तक्रार असेल तर तक्रार करणारीवर कारवाई करा, असं कलम 14 स्पष्ट सांगतं. नुसती सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, असंही तिथेच म्हटलंय, पण धमकी द्यायला कलमाचं अर्धंच वाक्य पुरतं. आणि तक्रार केली म्हणून तिच्यावर सूड उगवणाऱ्याला काय? त्यासाठी स्वतंत्र कलमच नाही. नोकरीबाबत दिलेली धमकी किंवा कामात आणलेला अडथळा हा छळाचा भाग मानता येतो, इतकंच कलम 3 मध्ये आहे. म्हणजे सुडाविरुद्ध दाद मागायची तर तिने पुन्हा नवी तक्रार लिहायची, पुन्हा सहा प्रती काढायच्या, आणि त्याच समितीपुढे पुन्हा बसायचं. बोलणारीच्या शिक्षेला कलम मिळालं आणि तिला गप्प करणाऱ्याच्या शिक्षेला मिळालं नाही, ही मला या कायद्यातली सर्वांत मोठी चूक वाटते.

ही चूक जास्त टोचते, कारण या कायद्याचा उगमच एका सुडात आहे. 1992 साली राजस्थानातल्या भटेरी गावी भंवरी देवी या सरकारी कार्यक्रमातल्या साथिनीने बालविवाह रोखण्याचं आपलं नेमून दिलेलं काम केलं, म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा याचिका आली आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्या तत्त्वांत सरळ लिहिलं होतं की तक्रार करणारी स्त्री आणि साक्षीदार यांना त्रास किंवा भेदभाव सोसावा लागू नये, हे बघणं मालकाचं कर्तव्य आहे. सोळा वर्षांनी संसदेने त्याच तत्त्वांवर कायदा केला, आणि नेमकं हे वाक्य त्या जोमाने त्यात उतरलं नाही.

वाक्य नसलं की काय होतं, याचं एक उदाहरण आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्याच धंद्यातलं आहे. सौदी अरेबियन एअरलाइन्सच्या मुंबई कार्यालयात शहनाझ मुदभटकळ नोकरीला होत्या. वरिष्ठाच्या लगटीला त्यांनी दाद दिली नाही, आणि 1985 साली त्यांना कामावरून काढण्यात आलं. तेव्हा विशाखा नव्हतं, समित्या नव्हत्या, आजच्या कायद्याचं 'पोश' हे लघुनाव कोणाच्या कानावरून गेलं नव्हतं. त्या कामगार न्यायालयात गेल्या. पूर्ण थकीत पगारासह कामावर घ्या, असा निकाल लागला तो 1997 मध्ये. पुढे उच्च न्यायालयातही तो टिकला. लोक याला विजय म्हणतात आणि तो आहेच. पण बारा वर्षांचा हिशेब मांडून बघा. त्या काळात पहिलीत गेलेलं मूल बारावी होतं. आणि शहनाझ इतकी वर्षं तग धरू शकल्या म्हणून आज त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. ज्या दुसऱ्या वर्षी थकल्या, त्यांचं नाव कुठल्याच निकालपत्रात नाही.

अलीकडचं उदाहरण एका सरकारी बँकेचं. इंदूरच्या शाखेतल्या एका महिला अधिकाऱ्याने शाखेतल्या गैरव्यवहारांबद्दल वर लिहिलं, वरिष्ठाच्या वागणुकीचीही तक्रार केली. 2017 च्या डिसेंबरमध्ये तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा शाखेत झाली. ती शाखा तिच्यापेक्षा बरीच खालची श्रेणी असलेल्या अधिकाऱ्यासाठी होती. समितीवरची जी बाहेरची, स्वतंत्र सदस्य असायला हवी, ती बँकेच्याच पॅनेलवरची वकील निघाली. 25 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बदली म्हणजे तक्रारीची शिक्षा आहे असं ठरवलं, तिला वर्षभरासाठी इंदूरला परत नेमायला सांगितलं आणि बँकेला पन्नास हजार रुपये खर्च भरायला लावला. निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा, आणि सुंदर आहे. पण एका बदलीचं खरं नाव उच्चारायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पार्ल्याहून स्लो लोकलने ऑफिसला जाणाऱ्या, घराचा हप्ता भरणाऱ्या मुलीने दिल्लीपर्यंत जायचं कसं?

मला जे सांगायचंय ते एवढंच, आणि ते नवीनही नाही. तक्रार दाखल झाली त्या दिवशी तिच्या नोकरीची स्थिती जैसे थे झाली पाहिजे. पुढची दोन वर्षं तिची बदली, रेटिंग, पगारवाढ, जबाबदारी किंवा नोकरी यांत तिच्या नुकसानीचा कुठलाही बदल करायचा असेल, तर त्याचा तक्रारीशी संबंध नाही हे मालकाने समितीपुढे आधी लेखी सिद्ध करावं. आज उलटं आहे. संबंध आहे हे तिने सिद्ध करायचं, आणि सगळे कागद मात्र मालकाच्या कपाटात.

हे काही परदेशी खूळ नाही. आपल्या कायद्याला जैसे थे चांगलं ठाऊक आहे. औद्योगिक विवाद कायदा 1947 सालचा. विवाद चालू असताना त्या विवादाशी निगडित बाबतीत कामगाराच्या सेवाशर्ती त्याच्या नुकसानीच्या बदलू नका, परवानगीशिवाय काढू नका, असं त्याचं कलम 33 सांगत आलं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला काढणं आणि तिच्या नोकरीच्या अटी बिघडवणं बेकायदा ठरवलं. आणि आपल्या महाराष्ट्राने तर 1971 सालीच अनुचित कामगार प्रथांचा कायदा करून त्याच्या परिशिष्टात लिहून ठेवलं की आकसाने कामावरून काढणं आणि धोरणाच्या पांघरुणाखाली बदहेतूने बदली करणं ही अनुचित प्रथा आहे. ही भाषा गिरणगावच्या आणि ठाणे-बेलापूरच्या कामगारांनी संपातून कमावली होती. संघटना काढली म्हणून नागपूरला पाठवलेला कामगार कसा दिसतो, हे त्या कायद्याला दिसत होतं. छळाबद्दल बोलली म्हणून मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलेली मुलगी त्याच रांगेत उभी आहे, फक्त तिच्या पदापुढे 'मॅनेजर' लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दाने ती कामगार कायद्याच्या बाहेर जाते.

अमेरिकेतला एक खटला या बाबतीत मला फार शिकवून गेला. शीला व्हाइट ही मेम्फिसच्या रेल्वे यार्डात फोर्कलिफ्ट चालवायची. फोरमनविरुद्ध तक्रार केल्यावर तिला फोर्कलिफ्टवरून उतरवून रुळांच्या अंगमेहनतीच्या कामाला लावलं. पगार तोच. पुढे सदतीस दिवस बिनपगारी निलंबन, नंतर ते पैसेही परत दिले. कंपनी म्हणाली, मग नुकसान कुठे झालं? 2006 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सांगितली ती अशी: जे केलं त्यामुळे एखादी साधी, समजूतदार कामगार तक्रार करण्यापासून परावृत्त झाली असती का? झाली असती, तर तो सूडच. ही कसोटी आपल्याकडे असती तर दहाच्या कॉलचं न आलेलं निमंत्रणही पुरावा ठरलं असतं. छळाविरुद्धच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय कामगार कराराने तर तक्रारदार आणि साक्षीदार दोघांनाही सुडापासून संरक्षण द्यायला सांगितलंय. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

यावरचा आक्षेप मी ऐकलाय, आणि तो टाकून देण्यासारखा नाही. कामात कच्ची असलेली एखादी बाई नोकरी वाचवायला तक्रारीची ढाल करेल. करेलही. पण जैसे थे म्हणजे अभय नव्हे. कलम 33 असताना कामगार कामावरून गेले नाहीत असं नाही. त्यासाठी कारण दाखवावं लागलं, इतकंच. ज्या साहेबाकडे खरं कारण आहे त्याला ते एका कागदावर लिहायला पंधरा मिनिटं लागतील. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं नीट ऐकलं जाणं हेही तिच्याच हिताचं आहे. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात समितीने घाईने चौकशी उरकली, आणि 2009 मधल्या तक्रारींवरची ती कारवाई 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणासाठी रद्द करून प्रकरण परत पाठवलं. तक्रार करणाऱ्या मुलींच्या वाट्याला त्यातून काय आलं? तेव्हा चौकशी सावकाश आणि रीतसर होऊ द्या. पण सावकाश चौकशी परवडायची तर त्या काळात तिच्या पायाखालची जमीन पक्की हवी.

आता साक्षीदार. त्या सहा प्रतींत नावं-पत्ते असतात ते यांचे. ऑफिसात तिच्या बाजूने खरं सांगणारा बहुतेकदा कोणी धीट नेता नसतो. शेजारच्या टेबलावरचा, दोन लहान मुलांचा बाप असतो. आणि समितीचे सदस्य तरी कोण? त्याच कंपनीचा पगार घेणारे, त्याच साहेबाकडून अप्रेझल करून घेणारे. समिती सदस्यांनाही सुडापासून संरक्षण द्या अशी मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आहे, आणि याचिकाकर्त्यांत आपल्या मुंबईच्या ज्येष्ठ पत्रकार ओल्गा टेलिस आहेत. न्याय देणाऱ्यालाच भीती असेल तर मागणारीने कोणाच्या तोंडाकडे बघावं?

25 मार्च 2021 रोजी मेळघाटातल्या हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी जीव दिला. सागवान तस्करांना न घाबरणारी बाई. वरिष्ठाच्या जाचाबद्दल त्याच्याही वरच्याला सांगून काही झालं नाही, असं त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीत होतं. तक्रार ज्या शिडीवरून वर जायची त्याच शिडीच्या मधल्या पायरीवर छळणारा बसलेला असतो. यापलीकडे त्या मरणाबद्दल लिहायला माझा हात चालत नाही.

आणि ज्यांच्यासाठी शिडीच नाही त्यांचं काय? पार्ल्याच्या आजूबाजूला विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, रुग्णालयं आहेत. तिथे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर काम करणाऱ्या किती बायका पहाटेच्या गाडीने येतात. कायदा त्यांनाही लागू आहे, कंत्राटी, हंगामी, शिकाऊ सगळ्यांना. पण त्यांच्यावरचा सूड एका वाक्यात संपतो: उद्यापासून येऊ नका. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आमच्या उपनगर जिल्ह्याचा कारभार वांद्र्याहून चालतो. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "ताई, तिकडे गेलेल्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यासाठी जैसे थे पुरणार नाही. तिथे चौकशीच्या काळात रोजी मिळण्याची सोय सरकारनेच करायला हवी.

एक छोटी गोष्ट मात्र उद्या सकाळपासून करता येईल, त्यासाठी संसदेची वाट बघायला नको. दरवर्षी समितीला अहवाल द्यावा लागतो. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांवर किती रेंगाळल्या, किती कार्यशाळा घेतल्या. या तक्त्यात एक रकाना वाढवा: तक्रार करणाऱ्यांपैकी आणि साक्ष देणाऱ्यांपैकी किती जण वर्षानंतर कामावर आहेत, आणि कुठल्या पदावर? शून्य तक्रारींचा अहवाल मिरवणाऱ्या कंपन्या मी ऐकल्यात. या रकान्यात शून्य लिहावं लागलं तर ते कोणाला मिरवता येणार नाही. समितीचं काम अहवाल दिला की संपतं, तेही बदलायला हवं. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने तिला बोलावून विचारा, डबा कोणाबरोबर खातेस?

परवा ती मुलगी जिन्यात भेटली. मी माझं ते वाक्य मागे घेतलं. म्हटलं, सोडू नकोस, आणि तक्रारीच्या आधीच्या तिन्ही वर्षांची अप्रेझलची पत्रं तुझ्या नावची आहेत ना, ती आजच काढून घे, नंतर लॉगइन बंद झालं तर मिळायची नाहीत. इंदूरच्या प्रकरणात तारखांनीच सगळं उघडं पाडलं होतं, आधी काय होतं आणि नंतर काय झालं.

"काढली, काकू," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही निघून गेलात ना, मी परत दुकानात गेले. सातवा सेट केला. त्यात पत्रंही लावली."

"कुठे ठेवलास?"

"आईच्या कपाटात, तिच्या लग्नाच्या शालूखाली. तिला अजून सांगितलं नाहीये."

खालून तिची आई हाक मारत होती, दूध आणायला गेली होती ती वर येत होती. मुलीने माझ्या हातावर हात ठेवला आणि खाली उतरून आईच्या हातातली पिशवी घेतली. त्या दिवशी शनिवार होता.